आवाज मागून हवा

सरांसमोर कुणाला आपलं वाक्य पूर्ण करता येत नसे. समोरच्याने सुरुवात केली की उरलेलं ते स्वतःच हळू आवाजात बोलून टाकत. पोस्टात गेले की खिडकीतला माणूस "कुठं पाठवायचं..." म्हणेपर्यंत सर पत्ता सांगून मोकळे. एकदा शेजारचे भाऊ सकाळी सकाळी दारात येऊन "सर, आमचे बाबा..." एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. सर चप्पल घालता घालता म्हणाले, "गेले. चला, मी येतो." लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा भटजी कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला थांबला की मागच्या रांगेतून पुढची ओळ ऐकू यायची. भटजी चिडायचा. एकदा त्याने भर मांडवात विचारलं, "सर, लगन तुम्हीच लावता का?" सर म्हणाले, "नाई महाराज, तुम्ही थांबले म्हून."

ही खोड त्यांना नाटकाने लावली होती. आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, पीक घरात आलं की गावोगाव नाटकं सुरू होतात. दिवसभर कापणी-मळणी करणारी माणसं रात्री राजे आणि खलनायक होतात. तालमीला वेळ कुठला. सारं नाटक विंगेत बसून हळूच संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या जिवावर चालतं. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे, आणि नाटकाच्या हंगामात विंगेत बसायचे. पंचक्रोशीत त्यांच्याइतका भरवशाचा प्रॉम्प्टर नव्हता. तोंडात कधी तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, फक्त लवंग. म्हणायचे, "प्रॉम्प्टरच्या तोंडात खर्रा असला तं राजा भलत्याच वक्ताले मरते."

वर्गातही ते त्याच दबक्या आवाजात शिकवायचे. इतर गुरुजी ओरडायचे आणि पोरं गोंधळ घालायची. सरांच्या तासाला सगळे कान टवकारून बसत, कारण नाहीतर ऐकूच यायचं नाही.

मी शिकले ती त्यांच्या याच खोडीमुळे. दहावी झाल्यावर सर आमच्या घरी आले. बाबा धानाच्या बांधीवरून नुकतेच आले होते, पाय चिखलाने भरलेले. सर काही बोलायच्या आत बाबांनीच सुरू केलं, "सर, पोरीले शिकवून..."

"नोकरी लागते," सर म्हणाले. "बरोबर बोलले तुम्ही. असं बोलणारा बाप या गावात दुसरा नाई."

बाबा गोंधळले. "मी तसं नव्हतो म्हनत."

"मंग काय म्हनत होते?"

बाबांना जे म्हणायचं होतं ते सरांच्या तोंडावर म्हणता येईना. ते पाय धुवायला गेले. माय चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. पुढच्या आठवड्यात माझा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्रवेश झाला. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. बाबा नंतर लोकांना सांगायचे, "मी तवाच सरले म्हनलो होतो, पोरीले शिकवून नोकरी लागते."

नोकरी लागलीही. खेड्यापाड्यांत मोबाईल नुकतेच दिसू लागले होते, पानठेल्यावर रिचार्जची कुपनं लटकायची. पुण्याच्या एका संस्थेने मोबाईलवर वाचन शिकवायचा खेळ तयार केला होता. धरणात गाव गेलेल्या मुलांना तो द्यायचा होता. त्यांना इथली एक शिकलेली मुलगी हवी होती आणि तिच्या सोबतीला एक अनुभवी माणूस. मी सरळ सरांकडे गेले. ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"सर, तुम्ही मोबाईल..."

"वापरत नाई. शिकून घेईन. कधी निघायचं?"

नागभीडहून बसने फाट्यापर्यंत, तिथून पायी, अशी ती वसाहत होती. सगळे तिला नुसतं 'पुनर्वसन' म्हणायचे. मोकळ्या मुरमाड जमिनीवर टिनाच्या खोल्यांच्या रांगा. विजेचे खांब होते, तार नव्हती. गाव नदीकाठचं, बहुतेक घरं मासेमारीची. नदी मागे राहिली होती, तरी दारोदार जाळी वाळत घातल्यासारखी टांगलेली दिसायची. गावाबरोबर शाळाही पाण्यात गेली. वसाहतीच्या शाळेच्या फक्त भिंती उभ्या होत्या. मुलं दोन वर्षांपासून शेळ्यांमागे आणि मजुरीला.

जवळच्या जुन्या गावात शाळा होती. तिथल्या हेडमास्तरांना आम्ही पहिल्याच दिवशी भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जूनमध्ये घेतो सगळ्यांना. ज्याला वाचता येईल तो त्याच्या वयाच्या वर्गात. नाही येणार तो पहिलीत. मोठी पोरं वरच्या वर्गात नुसती बसवून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

हे आम्ही वसाहतीत सांगितलं तेव्हा वनिताची माय जाळ्याची गाठ मारत बसली होती. वनिता दहा-अकरा वर्षांची, उंच, सगळ्या पोरांची पुढारी. जुन्या गावात दुसरीपर्यंत गेलेली, पण सगळं विसरलेली. माय मान वर न करता म्हणाली, "पयलीत बसवाल तं ते जानार नाई. बारक्या पोट्ट्यांत बसून राह्यली तं तिले लोक हसतील. नाई गेली तं मी तिले चंद्रपूरले पाठवतो, तिच्या मामीकडं. चार घरचे भांडे तरी घासन."

वनिता दाराशी उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना पूर्ण आवाजात बोलताना ऐकलं. "जूनमध्ये पोरगी चवथीत बसेल, बाई."

"तुमच्या तोंडात साखर पडो," माय म्हणाली. "अजून तं तिले आपलं नाव वाचता येत नाई."

खेळ छान होता. पडद्यावर एक पोपट यायचा. आतून शहरी मुलीचा गोड आवाज म्हणायचा, "बदक." खाली आकडे घातलेले चार शब्द दिसायचे. बरोबर आकड्याचं बटण दाबलं की घंटी वाजायची आणि पोपट नाचायचा. चुकलं की पोपट पंखात तोंड लपवायचा. पोरं वेडी झाली. फोन चार्ज करायला मी फाट्यावरच्या पानठेल्यावर जायचे, तिथे ट्रकच्या बॅटरीवर सोय होती, तर अर्धी वसाहत माझ्या मागे यायची. महिना-दीड महिन्यात पोरं एकामागून एक पायरी चढत गेली. वनिता तर शेवटच्या पायरीवर पोचली, एकही चूक न करता. मी पुण्याला फोन करून कळवलं. तिकडचे लोक खूश, मीही खूश.

सर खूश नव्हते. ते काही बोलत नव्हते, आणि त्यांच्या बाबतीत ही फारच काळजीची गोष्ट होती.

एका दुपारी ते मला खूण करून टिनाच्या खोल्यांमागे घेऊन गेले. तिथे पोरी लंगडी घालत होत्या आणि तालात म्हणत होत्या, "दोन, चार, चार, एक, तीन, तीन, दोन." धानाच्या रोवणीच्या वेळी बाया गाणं म्हणतात तशी चाल. वनिता बाजूला दगडावर बसली होती. तिच्या हातात फोन होता, पण नजर शेळीवर होती. शेळी कुणाच्या तरी जाळ्यात शिंगं अडकवत होती, तिला हाकलत हाकलत वनिता बटणं दाबत होती. घंटी वाजतच होती. पोपट नाचतच होता.

मला कळायला थोडा वेळ लागला. प्रत्येक पायरीवर शब्द त्याच क्रमाने यायचे आणि उत्तरं त्याच आकड्यांवर असायची. पोरांनी क्रम पाठ केला होता. वाचायची गरजच उरली नव्हती.

मी पुण्याला भलतंच कळवून बसले होते. सर मात्र बऱ्याच दिवसांनी हसत होते. "हे तं माहे नट आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी मला त्यांच्या एका राजाची गोष्ट सांगितली. तो गडी कित्येक वर्षं मुख्य भूमिका करायचा. आवाज असा की शेवटच्या माणसालाही ऐकू जाई. एका प्रयोगाला सरांना ताप भरला आणि ते विंगेत आले नाहीत. राजा सिंहासनावर बसला तो बसूनच राहिला. प्रधान विचारतोय, महाराज काय आज्ञा, आणि महाराज घामाघूम. शेवटी महाराजांनी सगळ्यांना जेवायला जायची आज्ञा केली आणि पडदा पडला.

"त्याले वाटे, आपल्याले नाटक येते," सर म्हणाले. "येत होतं मले. आता हा फोन प्रॉम्प्टर झाला आहे. त्याले गप्प करा लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी आणली आणि प्रत्येक फोनच्या आवाजाच्या भोकावर तुकडा लावला. शिवाय चार-सहा शब्द स्वतः पुढे नेऊन मगच ते फोन पोरांच्या हातात देत, म्हणजे पाठ केलेले आकडे कुठून म्हणायचे तेच कळेना. खेळ उघडला की शब्द दिसत, पण कुठला निवडायचा ते सांगणारं कुणी नाही. घंटी नाही. पोपट मुक्याने नाचायचा. पोरांना ते अजिबात आवडलं नाही. तीन-चार दिवसांत निम्मी पोरं यायची बंद झाली. मोहाची फुलं पडायला लागली होती, घरच्यांना वेचायला हात हवेच होते. एक बाप म्हणाला, "सर, चालू गाडीची हवा काढली तुमी."

मलाही तसंच वाटत होतं. पुण्याहून विचारणा झाली तर काय सांगायचं, हा प्रश्न होता. मी म्हणाले, "सर, निदान घंटी तरी..."

"घंटी कशाची? बटन दाबल्याची का वाचल्याची?"

मग त्यांनी माझ्याच फोनवरून पुण्याला फोन लावायला सांगितला. खेळ बनवणारा इंजिनिअर तरुण होता, मोठा नम्र. सरांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. क्रम रोज बदलला पाहिजे, आणि आवाज आधी नको, मागून हवा. पडद्यावर चित्र यावं, खाली शब्द यावेत, सगळं मुक्याने. मुलाने बटण दाबलं की मग, जो शब्द त्याने निवडला तोच शब्द फोनने मोठ्याने म्हणावा. चुकीचा असला तरी.

मला फोनमधून तिकडचं बोलणं ऐकू येत होतं. "पण सर, आवाज नसेल तर मुलांना कळणार कसं की कुठलं बटण..."

"दाबायचं? वाचून."

मग इंजिनिअर हसायला लागला. म्हणाला, "करतो सर. पण शब्द आणि आवाज नवे लागतील, ते तुम्ही पाठवा."

सरांना तेच हवं होतं. ते टिनाच्या दारादारातून फिरले. पोरांना विचारायचे, "बुडलं त्या गावातलं काय काय आठवते?" पहिल्यांदा कुणी बोलेना. मग एकाने सांगितलं, डोंगा. लाकूड कोरून केलेली त्याच्या आजाची होडी. मग थांबेचनात. पाण्याने भरलेली बोडी, धानाची बांधी, घाट, जाळं, टोपली, वाळू, झिंगे, चिंच, देवळामागचा वड. घरातल्या बायाही बोलायला लागल्या. वनिताच्या मायने मासोळ्यांची नावं एका दमात सांगितली आणि मग हातातल्या जाळ्याची मारलेली गाठ पुन्हा सोडत बसली. त्या दिवशी सरांनी तिचं कुठलंच वाक्य पूर्ण केलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

चित्रं पोरांनी काढली, मी फोटो काढले. आवाजही पोरांचेच घेतले. टिनाच्या सावलीत बसून सर दिग्दर्शकासारखे सांगायचे, "'डोंगा' असा म्हन का त्यात बसून माणूस पल्याड गेला पाहिजे." एका पोराने इतक्या जोरात म्हटलं की शेळ्या पळाल्या. सर म्हणाले, "हा गेला पल्याड. पुढचा."

नवी मेमरी कार्डं बसच्या पार्सलने आली. आता फोनमधून आपल्याच ओळखीचे आवाज येत होते, आणि तेही मागून. कुणी डोंग्याच्या चित्राखाली चुकून चौथं बटण दाबलं की वनिताचा आवाज ठणकावून म्हणायचा, "चिंच." सगळे हसायचे. "चिंचेत बसून नदी पार करून राह्यला का बे?" ज्याचं हसं व्हायचं तो पुढच्या वेळी बटणावर बोट ठेवून थांबायचा, ओठ हलवायचा, अक्षर अक्षर लावायचा. तेच थांबणं सरांना हवं होतं. मोह संपला तशी पोरं परत आली, काही तर त्याआधीच मोहाच्या टोपल्या बाजूला ठेवून मधूनच यायची.

जोडाक्षरं त्या खेळात नव्हती. त्यासाठी सरांनी घरून जुनी नाटकाची पुस्तकं आणली. राजा, प्रधान, सेनापती असे वाटे करून पोरं वाचायला बसली. इथे मात्र सरांची खरी अडचण झाली. पोरगं "महाराज, क्ष..." म्हणून अडकलं की सरांच्या तोंडून "क्षमा" निघून जायचं. त्यांनी दातात लवंग धरून पाहिली. लवंग चावली जायची आणि शब्द बाहेर यायचा. त्यांनी पाठ करून बसून पाहिलं. पाठमोऱ्या सरांकडून "क्षमा" ऐकू आलं.

एके दिवशी वनिता पुस्तक मिटून उभी राहिली. "सर, फोनले पट्टी लावली होती ना तुमी?"

"हो. काऊन?"

"उरली असन तं आना. तुमाले लावतो."

सगळी पोरं हसून लोळली. सरांनी खिशातून खरंच पट्टीचं उरलेलं बंडल काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने लावली नाही. पण त्यानंतर कुणी वाचायला लागलं आणि सरांचे ओठ हलले की ती स्वतःच्या तोंडावर आडवं बोट ठेवायची. पट्टी. सर मान खाली घालायचे.

जून उजाडला. हेडमास्तरांनी मोठ्या मुलांना एकेक करून आत बोलावलं. दोघे-तिघे सहज वाचून गेले, एकाला अर्धवट वाचता आलं, त्याला दुसरीत टाकलं. वनिता आत गेली तेव्हा तिची माय दाराबाहेर बसली होती. पायाशी कापडी पिशवी होती, त्यात वनिताचे कपडे घडी करून भरलेले. चंद्रपूरची बस दुपारची होती. माय मला म्हणाली, "असू द्या बाई सोबत. काय होईल कोनाले ठावं."

मी आणि सर आत भिंतीला टेकून उभे होतो. हेडमास्तरांनी विचारलं, "मोबाईल नाही आणला?"

"आता नाई लागत," सर म्हणाले.

हेडमास्तरांनी तिसरीचं पुस्तक बाजूला सारलं आणि चौथीचं काढून मधलंच पान उघडलं. वनिता वाचू लागली. हळू वाचत होती, पण आवाज खणखणीत. एका गावात नवा राजा येतो आणि त्याला भिंतीवर कुणी काढलेलं चित्र दिसतं, असा तो धडा होता. तिने सहा-सात ओळी वाचल्या आणि थांबली.

मी मान लांब करून तिच्या बोटाखाली पाहिलं. 'आश्चर्य'. आमच्या नाटकांत हा शब्द कुठे आलाच नव्हता की काय, मला आठवेना. वनिताचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाहेर मायने पिशवीचे बंद हातात धरल्याचं दारातून दिसत होतं.

वनिताने मान वळवून सरांकडे पाहिलं. सरांचं तोंड उघडलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे अडलेले शब्द पुरे केले होते, त्याच्या घशापर्यंत तो शब्द आलेला मला दिसत होता. ते एक अक्षर पुटपुटले असते तर हेडमास्तरांना कळलंही नसतं, इतका त्यांचा दबका आवाज मुरलेला होता.

वनिताने आपल्या ओठांवर आडवं बोट ठेवलं.

सरांनी तोंड मिटलं. इतकं घट्ट की गालाची हाडं वर आली.

मग ती हेडमास्तरांना म्हणाली, "गुरुजी, हे नाई येत मले. मी फुडं वाचतो." आणि वाचलंही. राजाचे डोळे मोठे झाले. तो चित्राजवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. असे चित्र त्याने कधीच पाहिले नव्हते. इथे ती थांबली, बोट मागे नेलं, त्या शब्दावर ठेवलं आणि म्हणाली, "आश्चर्य. राजाला आश्चर्य वाटले."

हेडमास्तर म्हणाले, "हे तू अंदाजाने सांगितलंस."

"फुडचं वाचलं तवा समजलं," वनिता म्हणाली.

हेडमास्तरांनी पुस्तक मिटलं. ते वनितापुढे सरकवलं. मग म्हणाले, "जा, आईला सांग, चौथीच्या वर्गात बसायचं आहे. आजपासूनच."

बाहेर मायने ऐकलं. तिने आनंद वगैरे काही दाखवला नाही. पिशवीतून कपडे काढून मांडीवर ठेवले आणि रिकामी पिशवी वनिताच्या हातात दिली. "पुस्तकाले होईल," म्हणाली.

पोपटाचा तो खेळ पुढे बंद झाला, नवे फोन आले, नवे खेळ आले. मी आता शिक्षिका आहे. वर्गात पोरगं वाचताना अडकलं की माझ्याही तोंडाशी शब्द येतो. तेव्हा मला सरांची ती मिटलेली जिवणी आठवते आणि मी थांबते. कधी कधी फार वेळ थांबावं लागतं.

पण सर बदलले असं कुणी समजू नये. त्या दिवशी आम्ही फाट्यावर येऊन नागभीडची बस पकडली. सर घामेजले होते, ताप उतरलेल्या माणसासारखे खिडकीशी बसले. मला त्यांचे आभार मानायचे होते. वनितासाठी, आणि त्याआधीच्या एका संध्याकाळसाठी, चिखलाने भरलेल्या पायांच्या माझ्या बाबांसाठी. मी शब्द जुळवत होते. "सर, मला तुम्हाला केव्हापासून..."

तेवढ्यात कंडक्टर आला. त्याने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "नागभीड, दोन."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समजलं. पुढचं नको बोलू."

मी पुढचं बोलले नाही. त्यांना ते आधीच पाठ होतं.